कपाटातली ओळखपत्रं

सोमवार, ४ तारीख

बढती म्हणावी की शिक्षा, कळत नाही. आजपासून मी खरेदी विभागात ‘पुरवठादार तपासणी मदतनीस’. दहावीही न झालेल्या माणसाला एवढं लांब पद! कंपनी साबण करते, पण बाटल्या, खोकी बाहेरून येतात. ती करणारी माणसं स्वखुशीने कामावर आहेत की कुणी अडकवून ठेवली आहेत, हे आता आपण बघायचं.

विभागाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, “प्रश्न चारच. काम सोडून जाता येतं का? पगार हातात पडतो का? नोकरीसाठी कुणाला पैसे चारावे लागले का? स्वतःची कागदपत्रं स्वतःजवळ आहेत का?”

मी उतरवून घेतले. त्यांनी वाकून पाहिलं. “चौकट कशाला आखलीत?” — सवय, म्हटलं. कालपर्यंत गोदामात पाट्याच रंगवत होतो.

मंगळवार, ५

पहिली भेट ठरली कुठे, तर भावजींच्या खोक्यांच्या कारखान्यात. नातं बाईंना लगेच सांगून टाकलं. “बरं झालं सांगितलंत. विचारीन मी, तुम्ही फक्त लिहा.” लिहिणं जमेल.

ताईला फोन केला. तिला हसू आवरेना. “आमच्या घरात शिरताना दोनदा पाय पुसतोस, आणि आता धाड घालणार?”

बुधवार, ६

शर्टाला पुन्हा इस्त्री केली. जास्तीचं पेन घेतलं. त्याच्याही जोडीला एक.

गुरुवार, ७

भावजींनी “या साहेब” म्हणून रुमालाने खुर्ची पुसली. माझी! बाई उभ्याच.

आत पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खळीचा वास. कामगार सगळे लांबच्या गावचे, मागच्याच खोल्यांत राहतात. पगार? हातात. नोकरीसाठी पैसे? नाही दिले. माझा जीव भांड्यात पडत होता. मग बाईंनी एकाला विचारलं, “तुमचं ओळखपत्र?” दिवसभर गातो म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणतात.

“मालकांच्या कपाटात. सगळ्यांचीच तिथं.”

भावजी हसले. “धांदरट पोरं हो. हरवून बसतात. मी आपला आईच्या मायेने जपतो.”

रेडिओ आज गात नव्हता. वडील दवाखान्यात आहेत, गावी जायचंय, आणि लांबच्या गाडीचं आरक्षण ओळखपत्राशिवाय चालत नाही. भावजींनी त्याला सांगितलंय — ऑर्डर संपली की जा.

“कुणाची ऑर्डर?” बाईंनी विचारलं.

आमचीच.

शुक्रवार, ८

ताईकडे गेलो. पाय एकदाच पुसले.

“एवढ्यावरून तोंड पाडून बसलास? अरे, जपतात ते. माझं मीच हरवलं नव्हतं का? शिवणाच्या दुकानातली नोकरी हातची गेली त्यापायी. ह्यांनी बिचाऱ्यांनी माळासुद्धा पालथा घातला. तेव्हापासून घरातली अधिकृत वेंधळी मी! तुझ्या वहीत लिही तसं. वेंधळी, पहिली वेलांटी ना रे?”

दुसरी वेलांटी. पण सांगितलं नाही.

शनिवार, ९

आई म्हणते, “बहिणीचा संसार आहे. एक ओळ गाळलीस तर कोण बघतंय?”

गाळून पाहिली. चौकट रिकामी दिसायला लागली. त्या रिकाम्या जागेत रेडिओचं तोंड दिसायला लागलं. लिहून टाकली. वही बाईंच्या टेबलावर ठेवली. अक्षर सरळ आलंय.

मला वाटलं होतं, ऑर्डरच रद्द करतील. बाई म्हणाल्या, “रद्द केली तर आधी मरतील कामगार. तारीख पुढे ढकलू. पण ओळखपत्रं आपल्यासमोर वाटायची.”

सोमवार, ११

आज “साहेब” नाही, खुर्चीही नाही. “घरभेद्या” असं भावजी हळूच म्हणाले, बाईंना ऐकू जाणार नाही इतपत.

कपाटातून बिस्किटांचा डबा निघाला. बाई नाव वाचत, ज्याचं त्याला देत. रेडिओने आपलं खिशात घातलं, गुंडी लावली, वरून चाचपलं, पुन्हा चाचपलं. मग संध्याकाळची गाडी कधी सुटते विचारलं. जाताना शीळ घालत गेला — बेसूर, पण घालत गेला.

सगळ्यांची वाटून झाली. डब्याच्या तळाशी एक उरलं. भावजी झाकण लावायला लागले. “ते राहू दे. ते कारखान्यातलं नाही.”

मी उचललं. फोटो लग्नाआधीचा. दोन वेण्या. ताई.

मंगळवार, १२

भावजी कारखान्यात असताना गेलो आणि ताईच्या हातात दिलं. कुठे सापडलं, तेही सांगितलं. तिने उलटसुलट करून पाहिलं. आता काहीतरी टोमणा मारेल म्हणून वाट पाहत उभा राहिलो.

“बस,” म्हणाली. “ते चार प्रश्न काय होते रे? मला विचार.”