मीठ चारलेली शेळी

२ नोव्हेंबर

आजबी न्हाईच! शिवकन्याचा गेम दुकानात लागून महिना उलटला, घेणारं कुणी न्हाई. दुकान म्हणजे टीव्हीला जोडलेल्या त्या डब्यातलंच. चित्रं दिसतात, बटण दाबलं की गेम विकत मिळतो.

तीन वर्षं माझी लेक डोळे फोडून बसली. रानात शेळ्या चारायच्या, पाणी हुडकायचं, हरवलेलं करडू घरी आणायचं. साधंच, पण बघत राहावं वाटतं. त्यात शेळ्यांना हाक मारते ती मीच! "यर्रर्र, ये गं काळे, मर तिकडं!" मोबाईलमधी भरून घेतलं तवा किती हसली होती पोरगी.

चालला तर घरी राहून काम करीन म्हणते. न्हाई तर पुण्याला कंपनीत. मग मी आन् शेळ्या.

४ नोव्हेंबर

दुकानाच्या यादीत सगळ्यात वर काय? "शेळी धमाका"! चित्रात शेळीला गॉगल, मागं आग. म्हणलं, घेऊन बघू. शिवकन्या म्हणे, "नको माय. आत गॉगल न्हाई, आग न्हाई. शेळी भिंतीतून आरपार जाते, मधीच लटकून राहते."

"मग लोक घेतात काहून?"

"चित्र बघून. वर हाय म्हणून घेतात, आन् घेतात म्हणून वर राहतो. कायम सूट लावलेली. एवढ्याशा पैशापायी परत द्यायला कोण भांडतंय?"

"खेळल्यावर राग येत न्हाई का त्यांला?"

"येतो की. तवर घेतलेला असतो."

डोकं फिरलं माझं. लोकांचे डोळे फुटलेत काय!

९ नोव्हेंबर

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात शेळ्या विकायला गेले. माझ्या शेजारी हरिचंद बसतो. पहाटेच शेळ्यांना मीठ चारतो. मग त्या पाणी पीत सुटतात, पोट टम्म! गिऱ्हाईक पोटावर थाप मारतं आन् घेऊन जातं. घरी पोचेस्तोर मुतून रिकामी. त्याच्या सगळ्या गेल्या, माझ्या माघारी आल्या.

"वहिनी, मूठभर मीठ टाका की!"

"तुझ्या तोंडात टाक!" म्हणलं.

१० नोव्हेंबर

पुण्याच्या कंपनीतून फोन आला होता. पोरगी जेवली न्हाई.

१२ नोव्हेंबर

जायचं न्हाई! "पैसे आले, माय. घरीच राहते," म्हणाली.

"गेम चालला?"

"चालला म्हण."

शिरा केला. दोन घास खाल्ले तिनं. एवढ्या आनंदाच्या दिवशी काय तोंड करून बसली!

१६ नोव्हेंबर

आज बाजारात माझ्या शेळ्या एकदम माना वळवून दोर ओढायला लागल्या. समोरच्या मोबाईलच्या दुकानात टीव्ही चालू — त्यातून माझाच आवाज! "यर्रर्र, ये गं काळे!" म्हणलं, घेतला कुणीतरी माझ्या लेकीचा गेम! शेळ्या हरिचंदवर सोडल्या आन् पळत गेले.

टीव्हीवर शेळी भिंतीत अडकून लटकत होती. खाली नाव — शेळी धमाका.

पोरं दात काढून राहिली होती.

१७ नोव्हेंबर

"माझा आवाज त्या घाणीत काहून?"

मान खाली घालून म्हणे, "तयार होता. दुसरा कुठून आणू?"

"म्हंजे तूच?"

"मीच. दुसऱ्या नावानं. आपला खपेना, तवा आठवड्यात उरकला."

"आन् त्या भिंतीचं तरी नीट करायचं!"

"नीट केलं म्हणून एकबी जास्त खपत न्हाई, माय."

"आपला गेम कुठंय?"

"हाय की. खाली. लय खाली."

लय बोलणार होते. तोंडावर फेकणार होते सगळं. तर तिनंच इचारलं, "सांग, राहू का जाऊ?"



२३ नोव्हेंबर

पहाटे शेळ्यांना मीठ चारलं. हरिचंदच्या आधी विकल्या. काळी तेवढी गिऱ्हाइकामागं जाईना. मग मीच पुढं चालत हाक दिली — यर्रर्र, ये गं काळे.

आली.