साडेसात अंगांचा नमस्कार

मु. पो. टेंभुर्णी

तीर्थस्वरूप दादा व सौ. वहिनी यांच्या चरणी धाकट्या हरिओमचा साष्टांग नमस्कार, उजवा गुडघा तेवढा वगळून. म्हणजे साडेसात अंगांचाच झाला (साडेसाती समजू नये). तुमची तब्येत, वहिनींचं बीपी आणि मंठ्याची हवा, सगळं ठीक असेलच. फोनच करणार होतो, पण तुमचा फोन सदा स्पीकरवर असतो आणि मला जे सांगायचंय ते तुमच्या गल्लीला ऐकवायचं नाही.

तर गुडघा. आमची मीना शाळेत होती तेव्हा मी कापसाच्या ट्रॉलीवरून उडी मारली होती, आठवतं? (ट्रॉली उभीच होती, घाई फक्त मला होती.) गुडघा आतल्या आत पिरगळला. तुम्ही म्हणालात, जालन्याला जाऊन फोटो काढ. मी हळद-तुरटीचा लेप लावला, सूज उतरली आणि तुम्हालाच शहाणपणा शिकवला. आता सकाळी तो आखडतो, जिना उतरताना करकरतो आणि संध्याकाळी फुगून बसतो. शेवटी जालन्याला गेलोच. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि पहिलाच प्रश्न केला, पूर्वी कधी मार लागला होता का? म्हणे आतली गादी तेव्हाच फाटली, मी ती तशीच वापरत राहिलो आणि हाडावरचं गुळगुळीत आवरण झिजत गेलं. झिजलं ते परत येत नाही, उरलंय ते जपता येतं. तेव्हाच आलो असतो तरी पुढचं टळलंच असतं असं नाही, असंही ते म्हणाले. पण दादा, गाडी टेंभुर्णीत येईपर्यंत मला तुमचंच बोलणं आठवत होतं. फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी याला संधिवात म्हटलं आणि तिथेच घात झाला. आमच्या सौ. वंदनाने त्यातला फक्त ‘वात’ ऐकला. मार लागून झालेला वेगळा, तो त्याच एका सांध्याला धरतो, वांग्याचा त्यात काही संबंध नाही, हे मी तिला सांगून थकलो. ‘‘वात म्हंजी वात. वांगं बंद, बटाटा बंद, हरभऱ्याची डाळ बिलकुल बंद!’’ डॉक्टरांनी फक्त वजन उतरवा म्हटलं होतं, ते मात्र या निमित्ताने उतरतंय. ते म्हणाले चालत राहा, मांडीचे स्नायू बळकट करा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबत जा. घरचे म्हणतात पडून राहा. त्यात काठी. दुखतो उजवा, म्हणून मी काठी उजव्या हातात धरायचो. डॉक्टरांनी ती काढून डाव्या हातात दिली, भार त्यानेच हलका होतो म्हणे. आणि होतोही. पण शेजारचे रखमाजी पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘हरिभाऊ, दुखून राह्यला उजवा आन काठी डाव्या हातात? मंग डोक्याचाबी फोटो काढून आणायचा व्हता!’’

हे सगळं हसण्यावारी नेलं. पण पुढच्या महिन्यात मीनाचं लग्न आहे. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं, तेही विधी संपेपर्यंत. म्हणून परवा मागच्या खोलीत कडी लावून पाटावर बसण्याची तालीम केली. बसलो. (पडलो म्हणा.) उठता मात्र येईना. कडी आतून, मी खाली, बाहेर मीना दार वाजवतेय. शेवटी पाटासकट सरकत जाऊन काठीने कडी काढली. तिने काखेत हात घालून उठवलं. मी म्हणालो, पाट पुसत होतो. ज्या पोरीला खांद्यावर बसवून बाजार हिंडलो, तिने मला जमिनीवरून उचलावं, याचं रडू मी मोरीत जाऊन रडलो.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
हरिओम

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं: माझ्याऐवजी तुम्ही आणि वहिनी कन्यादानाला बसा. चुलता बापासारखाच असतो. मी मागे उभा राहून अक्षता टाकीन. मीनाला इतक्यात कळू देऊ नका.

दुसरा ता. क. पाकिटावर पत्ता घालायला मीनाकडे दिलं, तर तिने सगळं वाचलं. म्हणाली, ‘‘पप्पा, मी जाईन तर तुमच्याच हातानं. तुम्ही खुर्चीवर बसा, न्हाई तर उभं ऱ्हावा, मी बराबर जुळवून घेते. भटजींना मी सांगते.’’ तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. आता एकच अडचण, भरल्या मांडवात वडीलधारे सगळे खाली आणि खुर्चीवर मी एकटा. तुमचे गुडघे या वयातही ठणठणीत आहेत हे मला माहीत आहे. तरी दादा, त्या दिवशी जरा लंगडत या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसा. उजवा दुखतो म्हणालात तर काठी डाव्या हातात धरा. डॉक्टरांनाही पत्रिका दिली आहे.