बैठकीच्या खोलीची किल्ली

एनॉकफील्ड, यॉर्कशायर
१२ ऑक्टोबर १८६२

ती. सौ. डोर्कसताईस,

धाकट्या अमोसचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सहाहीजण धडधाकट आहोत. तुम्हीही तसेच असाल असं पुढे लिहिणार होतो, पण तुमच्या तळघरात पुन्हा पाणी शिरलं आणि आबांना टेबलावर झोपवावं लागलं हे तुझ्या पत्रात वाचलं, आणि ते वाक्य गिळून टाकलं. एली दाजींच्या गुडघ्यासाठी टॅबिथाने बदकाची चरबी पाठवली आहे. ती चोळायची आहे, हे त्यांना आधीच सांग (मागच्या वेळी त्यांनी पावाला लावून खाल्ली होती). आबांचा खोकला कसा आहे हे विचारत नाही. ब्रॅडफर्डकडून वारा सुटला की तो मला इथे ऐकू येतो असं वाटतं.

'आबांना तुझ्या त्या नव्या गावात का नेत नाहीस?' असं तू विचारलंस, आणि खाली 'बायकोची परवानगी काढून कळव' असंही लिहिलंस. टोमणा पोचला. पण ताई, अडचण बायकोची नव्हती, कलम सातची होती. आमच्या गावात शिरताच कमानीखाली नियमांचा फलक आहे. कोंबड्या पाळायच्या नाहीत, गल्लीत दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचे नाहीत, दारू गावात आणायची नाही, आणि कलम सात : जो गिरणीत कामाला नाही त्याला मालकांच्या लेखी परवानगीशिवाय घरात ठेवायचं नाही. परवानगी मिळते, पण त्या माणसाला झोपायला वेगळी खोली असेल तरच. दाटीवाटीने झोपल्यामुळे पटकी होते असं मालकांचं मत आहे. आमच्या वर तीन खोल्या. एकीत आम्ही दोघं, एकीत मुली, एकीत मुलगे. मोजून भरलेल्या.

आता तू म्हणशील, मालकाला एवढी कसली पडली आहे? हाच प्रश्न गेली चार वर्षं गावात चघळला जातोय. मर्गट्रॉइड मालकांनी तीनशे दगडी घरं बांधली, प्रत्येक घराला नळ, परसात संडास (स्वतःचा, ताई! अकरा घरांत एक नव्हे), शाळा, वाचनालय, चॅपेल. पाद्रीबुवा म्हणतात, आमच्या आत्म्यासाठी. माझ्या शेजारच्या मागावरचा जेथ्रो म्हणतो, "आत्मा कसला रे! घर त्याचं म्हटल्यावर तू संपाला हात वर करशील का? बायको खुंटीवरचा झाडू काढेल." टॅबिथा म्हणते, ज्याने नळ दिला त्याच्या पोटात शिरून काय करायचंय, पाणी भरा आणि गप्प बसा. मी तिघांनाही होकार देतो. त्यामुळे तिघांशीही माझं बरं चाललं आहे.

पण या सगळ्यात मालकांची लाडकी गोष्ट म्हणजे बैठकीची खोली. प्रत्येक घराला पुढच्या बाजूला एक, शेगडीसकट. कामकरी माणूस संध्याकाळी गुत्त्यात का जातो, तर घरात त्याला पाय पसरायला जागा नसते. म्हणून त्याला एक छान खोली द्यावी, तिथे तो बायकामुलांत बसेल आणि बायबल वाचेल, असा त्यांचा हिशेब. हिशेब सुंदर आहे. फक्त तो करताना त्यांनी एकाही बायकोला विचारलं नाही. आपल्याकडच्या बाईला चांगली खोली मिळाली तर ती तिचं काय करते हे तुला सांगायला हवं का? कुलूप लावते. टॅबिथाने तिथे जाळीचे पडदे लावले, घोड्याच्या केसांनी मढवलेली खुर्ची ठेवली, काचेच्या घुमटाखाली मेणाची फळं मांडली, आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. चार वर्षांत मी त्या खोलीत दोनदा गेलो. एकदा पाद्रीबुवा आले म्हणून, आणि एकदा चुकून. चुकून गेलो त्याचा विषय घरात अजून निघतो.

म्हणजे आम्ही सहाजण स्वयंपाकघरात. तिथेच चूल, तिथेच धुणं, तिथेच चौघांची भांडणं. मग मी काय करणार? मी पुलापलीकडे जातो. पुलापर्यंत गाव मालकांचं, पलीकडे 'काळा मेंढा' नावाचा गुत्ता. तिथे गेलं की एनॉकफील्डचे निम्मे नवरे भेटतात. प्रत्येकाच्या घरी एक सुंदर बैठकीची खोली आहे.

असो. सप्टेंबरात मी आबांसाठी अर्ज केला. गावच्या घरांची देखरेख करणारा पिकर्सगिल (हा खिडकीच्या काचेवर बोट फिरवून धूळ बघतो) म्हणाला, "खोली कुठाय, सगडेन? पण मालक शनिवारी घरं बघायला येणारेत. संध्याकाळी बैठकीत कुटुंब कसं रमतं ते त्यांना पाहायचंय. खूश झाले तर तोंडाने विचार." एवढी एकच संधी होती, ताई. पाणी आणखी एक पायरी चढलं असतं तर टेबलावरून आबांना कुठे नेलं असतंस?

टॅबिथा तीन दिवस बैठक घासत होती, आणि ते तीन दिवस आम्हाला खोलीच्या दारासमोरून चालायचीही बंदी होती. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिने आम्हाला चॅपेलच्या कपड्यांत आत सोडलं. आता ऐक. या खोलीत बसायचं कसं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मुलं भिंतीला टेकून उभी राहिली, जणू कुणी त्यांना शिक्षा केली आहे. मी खुर्चीत बसलो. ते घोड्याचे केस इतके गुळगुळीत की मी सावकाश पुढे सरकत जायचो आणि दर मिनिटाला पाय रोवून स्वतःला मागे ढकलायचो. हातात बायबल होतं. ते उलटं होतं असं नंतर कळलं.

"शेगडी पेटव," टॅबिथा म्हणाली. "रिकामी शेगडी बरी दिसत नाही."

त्या शेगडीत चार वर्षांत काडी पेटलेली नव्हती. धुराड्यात कावळ्यांच्या तीन पिढ्या वाढल्या होत्या हे आम्हाला काय ठाऊक? मी पेटवली. धूर वर गेला, वर घरटं बघून परत आला. पाठोपाठ काटक्या, काजळी आणि एक संतापलेला कावळा आला. कावळा मेणाच्या फळांवर जाऊन बसला. नेमक्या त्याच वेळी दार वाजलं.

मर्गट्रॉइड मालक सत्तरीचे आहेत, पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे. त्या धुरात ते तीन पावलं आत आले आणि असे खोकले की मला आबा आठवले. आम्ही त्यांना उचलल्यासारखं करून स्वयंपाकघरात आणलं, चुलीजवळच्या माझ्या मोडक्या खुर्चीत बसवलं. टॅबिथाचा चेहरा काजळीने काळा होता आणि त्यावर आसवांच्या दोन पांढऱ्या रेघा. तरी तिने चहा केला, आणि आल्या-काकवीचा पार्किन केक कापून पुढे ठेवला. मालकांनी दोन तुकडे खाल्ले. मग बूट काढून पाय चुलीशी पसरले. पिकर्सगिलची मान शरमेने खाली गेली, मालकांना मात्र काही वाटलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "खरं सांगा. त्या खोलीत तुम्ही बसता का?"

"छे हो! खराब नाही का होणार?"

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "माझ्या आईचीही अशीच खोली होती. आत पाऊल टाकू द्यायची नाही. मी तिथे पहिल्यांदा बसलो तो तिच्या शवपेटीशेजारी. तेव्हाच ठरवलं, हातात पैसा आला की माणसांना बसायला खोल्या बांधायच्या. तीनशे बांधल्या. आज बावीस घरं फिरलो, सगळीकडे माणसं चॅपेलच्या कपड्यांत उभी." मग त्यांनी नाक शिंकरलं आणि पुन्हा मालक झाले. "शिवाय खोकणारा माणूस माग नीट चालवत नाही. तोही विचार होताच."

आबांचं विचारायची हीच वेळ होती. ताई, मला लाज वाटते सांगायला, मी नुसता चुलीत कोळसे सारत राहिलो. विचारलं ते टॅबिथाने. "मालक, आमचे सासरे ब्रॅडफर्डला तळघरात आहेत. त्यांना इथे आणायचंय."

"खोली?" पिकर्सगिल म्हणाला. "वरच्या तिन्ही भरलेल्या आहेत, मालक. म्हातारा झोपणार कुठे?"

टॅबिथाने एप्रनच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि चहाच्या पेल्याशेजारी ठेवली. "बैठकीत," ती म्हणाली. मी तिच्याशी चौदा वर्षं संसार केला आहे, पण त्या वेळी तिच्यावर जेवढा जीव जडला तेवढा लग्नाच्या दिवशीही नव्हता. मालकांनी ती किल्ली उचलली, उलटीसुलटी केली, परत ठेवली, आणि पिकर्सगिलकडे दौत मागितली. परवानगी सोबत पाठवली आहे. सांभाळून ठेव, कमानीपाशी दाखवावी लागते.

मुलांचे तुम्हाला पापे. एली दाजींना पुन्हा नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
अमोस सगडेन

ता. क. गुत्ता नसलेल्या गावात पाय ठेवणार नाही असं आबा म्हणतील. त्यांना सांग, दारापासून पुलापलीकडे दोनशे बारा पावलं आहेत, आणि जाताना उतार आहे. (हे पत्र तुमच्या पाद्रीबुवांना वाचायला देऊ नकोस.)

दुसरा ता. क. त्यांना बैठकीत ठेवणार हे मात्र सांगू नकोस. आपल्याकडे म्हाताऱ्याला बैठकीत नेतात ते शवपेटीतूनच, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. ते दारातूनच परत फिरतील. पुढची खोली एवढंच सांग.

तिसरा ता. क. शुक्रवारच्या गाडीने पाठवच, उशीर नको. धुराडं झाडून घेतल्यापासून टॅबिथा चार दिवस त्या खोलीत शेगडी पेटवते आहे, आबांच्या छातीला ओल बाधू नये म्हणून. ठिणगी उडेल या भीतीने ती स्वतः राखणीला बसते. काल दुपारी मी हळूच दार लोटलं, तर बाईसाहेब माझी स्वयंपाकघरातली मोडकी खुर्ची आत नेऊन, शेगडीशी पाय पसरून, तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. तिला ती खोली आवडू लागली आहे, ताई. शुक्रवार चुकला तर आबांना परत मिळणार नाही.