सईचा उंदीर आणि अख्खी काकडी

शनिवार, संध्याकाळ

सकाळी माझ्या लेकीच्या, सईच्या पाळीव वाळवंटी उंदराच्या पिंजऱ्यातला भुसा ओलाचिंब. काल सासूबाईंनी "बिचारं पाणीच पीत नाही" म्हणत त्याला अख्खी काकडी चारली होती. सई रडायलाच लागली. थेंबभर पाण्यावर जगणारा जीव, एवढं पाणी सोसेल का? मलाही धास्ती.

पिंपरीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना तो ओला भुसा दाखवला, तर ते हसले. "हे चांगलंच आहे. पाणी नसलं की त्याची मूत्रपिंडं ते राखून ठेवतात, जास्त झालं की पातळ लघवीतून टाकून देतात. काकडी मात्र चकतीभरच द्या."

परत येताना रिक्षात सासूबाई हळूच म्हणाल्या, "जालन्याला आमचंबी तसंच. एरवी तांब्याभर पाण्यात भागवायचं, टँकर आला की दोनदा आंघोळ."

सई खुदकन हसली आणि आजीच्या कुशीत शिरली.