टोपणनावाने लिहिलेलं परीक्षण

दादा,

तू उठायच्या आत कॉलेजला निघते आहे. समोर उभं राहून सांगण्याचं धैर्य नाही. आज प्रकाशकांना फोन करून नवी विज्ञान-कादंबरी मागे घेऊ नकोस. मागच्या कादंबरीचं जे परीक्षण वाचून तू खचलास, ते टोपणनावाने मीच लिहिलं होतं. ते त्यानेच लिहिलं असं समजून तुझ्या त्या बिचाऱ्या प्राध्यापक-मित्राशी तू उगाच अबोला धरलास.

बाबा शेवटचे दिवस मोजत होते आणि तू गावोगावच्या वाचक-मेळाव्यांत परग्रहांवरच्या माणुसकीवर टाळ्या घेऊन मेजवान्या झोडत होतास. तो राग मी विद्वत्तेच्या वेष्टनात गुंडाळला. ‘लेखकाला विज्ञान कळत नाही’ हे धादांत खोटं. तुझी गणितं मीच तपासली होती, एकही चुकलं नव्हतं. काल जेवताना तू ते वाक्य वाचून ‘पटतं का गं तुला?’ असं विचारलंस, तेव्हा मी मान डोलावली. त्याला क्षमा नाही.

संपादकांना खऱ्या नावानिशी खुलासा पाठवला आहे. एकच वाक्य मागे घेतलेलं नाही: ‘यांच्या अंतराळयानात कुणाचा बाप आजारी पडत नाही.’

संध्याकाळी येईन. बोलू नकोस हवं तर, पण दार उघड.

समीक्षक नव्हे, तुझी धाकटीच