तीनदा विसळलेले जार

मुखेड, ८ जुलै २०२४

ती. सुदर्शनअण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

परवाच्या नांदेड तुरुंगातल्या भेटीत माय काचेअलीकडे नुसती रडत राहिली आणि वेळ संपली. तुमचा मोबाइल पोलिसांकडे जमा आहे, म्हणून लिहितो.

तुम्हाला गाडीत घालून नेल्यावर जमाव परत आला. सळईने आपल्या पाण्याच्या प्लांटचं शटर उचकटलं. फिल्टरच्या खोलीला लोखंडी दार आहे म्हणून मशीन वाचली. बाहेर भरून ठेवलेले सगळे जार फोडले. मी मोरीत लपलो होतो. पायाला धरून ओढत रस्त्यावर आणलं. खालचे दोन दात गेले, डाव्या हाताचं बोट मोडलं. लाथा घालणाऱ्यांत रोज आपले जार नेणारेच जास्त होते. एकजण मारता मारता विचारत होता की, पाणी विकता का कावीळ विकता.

कावीळ थांबलेली नाही. सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन पोरं आहेत. तुम्ही ज्याच्या डोक्यात पाना घातला तो अमरनाथ नांदेडलाच मोठ्या दवाखान्यात आहे. शुद्धीवर आला, पण बोलत नाही. त्याचे वडील दगडोबामामा स्टँडसमोरच्या हॉटेलात तसेच भजी तळतात. सात वर्षांची अक्षरा काविळीने गेली त्याच दिवशी तिच्या बापाचं, अमरनाथचं, डोकं फुटलं, हे गाव विसरणार नाही.

वहिनी बाळाला घेऊन अहमदपूरला माहेरी गेल्या. प्लांटचं काय करू ते कळवावं. मला एकट्याला काही सुधरत नाही.

माया आहे तशीच असू द्यावी.

तुमचा,
वैजनाथ


नांदेड कारागृह, १३ जुलै

चि. वैजूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन दात गेले तर गेले, नाहीतरी तू कधी तोंड उघडून हसत नव्हतास. इथं माझं बरं चाललंय. वरणात डाळ हुडकण्यात वेळ चांगला जातो.

आता नीट वाच. वकील म्हणतात, सगळी केस पाण्यावर हाय. पाणी चांगलं निघालं तर जमाव खोट्या अफवेवरून चालून आला आणि मी जीव वाचवायला हात उचलला, असं होतं. मग जामीन झालाच समज. तवा आरोग्य खात्याच्या मॅडमला बोलव, मशीनच्या तोटीचं पाणी तपासून घे, आणि रिपोर्ट हाताएवढ्या अक्षरात शटरवर चिकटव. आपल्या पाण्यात खोट न्हाई. तू तर जार असे धुतोस जसं नवरदेवाला न्हाऊ घालून राहिलास. तीन-तीन पाणी कोण देतं रे या तालुक्यात?

कुणी आडवा आला तर भिऊ नको. एकाचं डोकं फुटलं की बाकीचे मागं सरतात, हे मी बघितलंय.

मायला सांग, अंग वाळलं न्हाई माझं.

तुझा,
सुदर्शन


मुखेड, २३ जुलै

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आरोग्य खात्याच्या मनस्विनी मॅडम येऊन तोटीचं पाणी घेऊन गेल्या. रिपोर्ट आला. पिण्यास योग्य. मी तो मायला तीनदा वाचून दाखवला. तिने रिपोर्टला कुंकू लावलं.

पण नमुना घेताना मॅडमनी सहज विचारलं होतं की, रिकामे जार कशाने धुता. मी मागच्या हौदाकडे बोट दाखवलं आणि तीनदा विसळतो म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. मला मात्र झोप लागेना. म्हणून एक बाटली हौदाच्या पाण्याची आणि एक धुतलेल्या जारात ओतलेल्या तोटीच्या पाण्याची, अशा दोन भरून एसटीने लातूरच्या खाजगी प्रयोगशाळेत नेल्या. काल निकाल आणला. दोन्ही अयोग्य. दोन्हीत मैल्याचे जंतू.

अण्णा, आपलं मशीन पाणी शुद्ध करत होतं आणि मी ते घाण भांड्यात भरत होतो. जितका जास्त विसळत होतो तितकी जास्त घाण लावत होतो. दगडोबामामाचे चार जार तर मी चारदा विसळायचो, कारण शाळा सुटल्यावर अक्षरा तिथेच पाणी प्यायची.

हौदात येतं ते शेजारच्यांच्याच नळाच्या लाइनीचं पाणी, आणि शेजारच्या नळाचं पाणी चांगलं आहे. मग आपल्या हौदात कुठून बिघडतं ते समजत नाही. तुम्ही हौदाचा पाइप टाकून घेतला तेव्हा मी लातूरला शिकवणीला होतो. अजून कुणाला बोललो नाही. काय करू?

लोभ करता, तो करत राहावा.

तुमचा,
वैजनाथ


नांदेड, २७ जुलै

वैजू,

हे वकिलाच्या हाती पाठवून राहिलो. इथं पत्रं फोडून वाचतात, गाढवा, आणि तू त्यात मैला लिहितोस.

लातूरचा कागद जाळ. हौद फोड, पाइप उपटून फेक, वर मुरूम टाक. आजच. कुणाला तिथं खोदू देऊ नको. मॅडम तोटीचं पाणी पास करून गेली, तिथं गोष्ट संपली. ती पोरगी परत येणार न्हाई. मी मात्र दहा वर्षं आत सडेन, मायचं तोंड मला दिसणार न्हाई, आणि बाळ मला काका म्हणेल.

तुला लहानपणापासून खरं बोलायची खाज हाय. या वेळेस तोंड उघडलंस तर बाहेर आल्यावर पहिली तुझी मान मुरगाळीन. भाऊ म्हणून सोडणार न्हाई.

सुदर्शन


मुखेड, ६ ऑगस्ट

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

मी सांगितलं. आधी मॅडमना, मग दगडोबामामाला. त्याच संध्याकाळी गावाने आपले जार वापरणं थांबवलं. मॅडमनी गावभर दवंडी दिली की आपले जार कुणाच्या घरात असतील तर फोडा.

दगडोबामामा तळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की, आमचे किती वेळा विसळायचास. मी म्हणालो, चार. तसा हातातला तापलेला झारा माझ्या गालावर मारला. कातडी झाऱ्याबरोबर निघून आली. दुसऱ्यांदा कानावर मारला. गिऱ्हाइकं उठून तुडवायला लागली तेव्हा मामांनीच त्यांना ढकललं. याला मारून माझी नात उठत असती तर मीच मारला असता, असं म्हणाले आणि कढईकडे परत गेले. अजून त्या कानाने ऐकू येत नाही.

घरी येऊन उरलेले सगळे जार कोयत्याने चिरले. तळहात फाटले. प्लांटला सील आहे. मॅडम म्हणतात, पुढे सुरू झालाच तर जार नकोत. फक्त तोटी, लोकांनी आपली घागर आणायची. मी हो म्हटलं. पण कोण येईल ठाऊक नाही.

हौद मी बुजवला नाही. मॅडमनी माणसं लावून खणला. पाइप नालीच्या आतून नेलेला निघाला. सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. मोटार लावली की तो सांधा नालीतली घाण ओढायचा.

वकील म्हणाले, माझ्यामुळे तुमचा जामीन गेला. ते मला कबूल आहे. फक्त एक कळवा. तो पाइप टाकणाऱ्या प्लंबरचं नाव काय? त्याने तुम्हाला फसवलं, आणि तुम्ही त्याच्यासाठी आत बसलात. मी घण घरी आणून ठेवला आहे. मी कधी कुणाला मारलं नाही, पण त्याच्या पायाचं एकही हाड शाबूत ठेवणार नाही.

रागावला असाल, तरी परकं करू नये.

तुमचा,
वैजनाथ


नांदेड कारागृह, ११ ऑगस्ट

चि. वैजूस,

घण ज्याचा आणलास त्याला परत दे. प्लंबर कुणी नव्हता. सिमेंटचा रस्ता फोडावा लागू नये म्हणून पाइप मी नालीतून नेला. ट्यूब मीच गुंडाळली.

हे पत्र साध्या टपालाने टाकतोय. साहेबांनी वाचलं तर वाचू दे.

अमरनाथ जमावाबरोबर आला न्हाई. त्याच्या हातात दगड नव्हता. नुकताच लेकीला पुरून आला होता, पायाला माती होती. मागच्या गल्लीनं आला आणि मला हळूच म्हणाला की, सुदर्शन, तुझा पाइप नालीत हाय, मी वाकून बघून आलो, कुणाला सांगत न्हाई, पण आजच्या आज पाणी बंद कर. मी पाना घातला. तो भिंतीला धरून खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर घेतले. दुसरा घाव मी त्याच्या हातांवरून घातला, तो बसल्यावर.

तो बोलत न्हाई, म्हणून हे कुणाला ठाऊक न्हाई. वकिलालाही न्हाई. येत्या तारखेला मी उभा राहून सांगणार हाय.

तोटी सुरू झाली तर मायच्या नावानं कर, माझ्या न्हाई.

लोभ उरला असेल तर असावा.

सुदर्शन