पालवी नको, मोहोर हवा

२ नोव्हेंबर
ठरलं! अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आंब्यांवर मोहोर आणणारं औषध, पोटॅशियम नायट्रेट, मारायचं. तीन वर्षं मोहोराचा पत्ता नाही, म्हणून दादाने करवतवाल्याला पंचवीस तारीख देऊन टाकली. झाडं पाडून गोदाम बांधणार म्हणे. बाबांनी लावलेली झाडं — आणि मी गप्प बसू? त्याआधी मोहोर दिसला तर करवत थांबेल, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं. आई म्हणाली, "दोघंही बापावर गेलात."

५ नोव्हेंबर
फवारलं. दोनशे लिटरच्या पिंपात चार किलो. दिवसभर पाइप ओढत होते. दादा ओट्यावरून, "झाली का आंघोळ झाडांची?"

६ नोव्हेंबर
हात वर होत नाहीत. वेणी आईने घातली.

१६ नोव्हेंबर
शेंड्यांवरचे डोळे फुगलेत! दादाला ओढत नेऊन दाखवले. "फुगू देत," एवढंच.

१९ नोव्हेंबर
पालवी. जिकडे पाहावं तिकडे तांबूस, लुसलुशीत पालवी. मोहोराचा एक तुरा नाही. रडले, खोटं कशाला लिहू.

मग तोंड धुऊन औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने एकच विचारलं, "पान मुठीत चुरगळून पाहिलंत का? कडकड वाजलं?" नाही पाहिलं. पान जून झालेलं हवं. कोवळ्यावर मारलं तर झाड आणखी पालवीच काढतं. आणि पानं कोवळी ठेवली कोणी? मीच! पावसाळा सरला तरी खत-पाणी चालूच, लाडच लाड.

जेवताना दादाला सगळं सांगितलं. "मग संपलं ना?" म्हणाला. नाही संपलं. औषध चुकलं नाही, मी चुकले. पण हे आता दाखवू कशावर?

२४ नोव्हेंबर
शेजारच्या मास्तरांच्या झाडावर! कुंपणालगत त्यांचा एकच आंबा, त्याला वर्षानुवर्षं ना खत, ना पाणी. आमच्या बाजूच्या फांद्या मोहोराने गच्च, पलीकडच्या कोऱ्या. फवारलं त्या दिवशी वारा तिकडे होता, औषध उडालं असणार. तिथलं एक पान मुठीत दाबलं. कडकन मोडलं.

दादाला हाताला धरून नेलं. मान वर करून दोन्ही बाजूंच्या फांद्या पाहिल्या आणि म्हणाला, "झाड मास्तरांचं आहे. बोलणं आपल्या झाडांचं झालं होतं." असा राग आला! मी म्हटलं, "उद्या मी बागेत उभी आहे. आधी मला हलव."

२५ नोव्हेंबर
सकाळी पहिल्या झाडाला टेकून उभी राहिले. करवतवाला आला. दादाने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मग माझ्याजवळ आला. माझ्याकडे न बघताच विचारलं, "पुढच्या वर्षी पाणी कधीपासून तोडायचं?"